रनिंग कोर्सचा रिव्ह्यू: माझा पूर्ण झाला, तरी पाचपैकी दोनच स्टार

आधीच सांगून टाकते, हा कोर्स मी शेवटपर्यंत केलाय, शेवटचा बॅज मिळालाय आणि मला फायदाही झालाय. आधी दोन जिने चढले की धाप लागायची, आता न थांबता पळता येतं, झोप सुधारली, कंबरेची कुरकुर कमी झाली. एवढं होऊनही दोनच स्टार का, तर तेच सांगायला बसलेय आणि जरा लांबणार आहे. या कोर्सच्या पेजवर जे ढिगाने पाच-पाच स्टार पडलेत ते सगळे "मला जमलं, तुम्हालाही जमेल" याच सुरातले आहेत, ते वाचूनच माझ्या वहिनीने माझ्यासोबत नाव नोंदवलं, आणि तिचं पुढे जे झालं ते त्या पेजवर कुठेच वाचायला मिळणार नाही. कोर्सचं नाव मुद्दाम घेत नाहीये. असे कोर्स खूप आहेत, साचा थोडाफार सारखाच, तुम्ही जो कुठला घ्यायच्या विचारात असाल तो याच्याशी ताडून बघा.

कोर्स काय आहे ते थोडक्यात. १२ आठवडे, आठवड्यातून चार दिवस पळायचं, ॲपवर त्या दिवसाचं सेशन येतं, कानात कोचचा आवाज, एक ग्रुप, आठवड्यातून एक लाइव्ह, आणि शेवटी सलग दहा किलोमीटर. कोच स्वतः एकेकाळी चांगलेच जाड होते, बैठी नोकरी, शुगर बॉर्डरवर, आणि तिथून वर्षभरात हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं. ही गोष्ट पहिल्याच व्हिडिओत आहे, सांगताना त्यांचा आवाज दाटून येतो आणि मला त्यात काहीही खोटं वाटलं नाही. माणूस तळमळीचा आहे, रात्री उशिरा मेसेज टाकला तरी उत्तर येतं, कुणाचा गुडघा दुखला तर स्वतः फोन करतात. म्हणून हा रिव्ह्यू लिहायला जड जातंय, कारण फसवणारा माणूस असता तर एका ओळीत काम झालं असतं.

अडचण अशी आहे की सगळा प्लॅन म्हणजे त्यांची स्वतःची त्या वर्षाची ट्रेनिंगची वही आहे. हे ते लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात, की पुस्तकी काही नाही, मी जे जसं केलं तेच तुम्हाला देतोय. ऐकायला किती छान वाटतं ना, अनुभवाचे बोल वगैरे, पण जरा थांबून विचार केला तर कळतं की हा प्लॅन आजवर एकाच माणसावर बसवून बघितलेला आहे, आणि तो माणूस म्हणजे ज्याला तो जमला तोच.

पहिल्या आठवड्यापासूनच हे दिसतं. पहिलं सेशन तीन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. ज्याने कधी पळून बघितलेलं नाही त्याला तीन मिनिटं म्हणजे काय हे ज्याने पळून बघितलंय त्याला आठवतच नाही. तुलनेसाठी सांगते, काउच टू फाइव्ह के नावाचा जो जुना प्लॅन आहे, जॉश क्लार्कने १९९६ साली केलेला, त्यात पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालून झालं की ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस, आणि पोचायचं कुठे तर नऊ आठवड्यांनी पाच किलोमीटरला. क्लार्क स्वतः पळणारा होता पण प्लॅन करताना त्याच्या डोळ्यासमोर त्याची पन्नाशीतली आई होती. मला वाटतं सगळा फरक इथेच पडतो, की समोर दुसरं कुणीतरी धरून प्लॅन केलाय का स्वतःलाच धरून. तोही प्लॅन काही सगळ्यांना जमतो असं नाही हं, पाचव्या आठवड्यात मधल्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असतात आणि लगेच पुढच्या सेशनला एकदम सलग वीस मिनिटं, त्या उडीला भले भले घाबरतात. पण निदान सुरुवात तरी खरंच खालून आहे.

आता कोचची सुरुवात. ते नेहमी म्हणतात की मी झिरोपासून सुरू केलं. एका लाइव्हमध्ये कुणीतरी त्यांच्या जुन्या फोटोबद्दल विचारलं तर गप्पांच्या ओघात बोलून गेले की कॉलेज संपेपर्यंत रोज फुटबॉल खेळायचे, डिस्ट्रिक्ट लेव्हलला वगैरे. तिथून पुढे नोकरी, लग्न, वजन. मला ते ऐकून एकदम लख्ख कळलं. अहो मग ते झिरो कुठे होतं? वर्षानुवर्षं रोज पळलेला माणूस मध्ये दहा वर्षं बसला आणि परत उठला, त्याच्या पायांना, घोट्यांना, फुप्फुसांना पळणं म्हणजे काय हे एकदा शिकवून झालेलं होतं, धाप लागली तर ती जाते हे त्याला अंगाने माहीत होतं. आणि माझं पण तेच आहे. मी कित्येक वर्षं सायकलने कामाला जायचे, सुटून फार दिवस झाले नव्हते. म्हणून मला पहिला आठवडा कठीण गेला पण मोडला नाही. वहिनीने आयुष्यात कधी खेळात भाग घेतलेला नाही, शाळेत पण नाही, तिला कुणी घेतलंच नाही. आम्हा दोघींना ॲपने एकाच खान्यात टाकलं, बिगिनर. नाव नोंदवताना विचारतात काय, तर वय, वजन, उंची आणि टार्गेट. आधी काय खेळायचात, गोळ्या कुठल्या चालू आहेत, झोप किती मिळते, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, यातलं एकही नाही.

गोळ्यांवरून आठवलं, मुख्य प्रकार तोच आहे.

वहिनीला मायग्रेन आहे आणि त्यासाठी ती प्रोप्रानोलॉल घेते. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, हृदयाचे ठोके खाली धरून ठेवते, म्हणजे माणूस कितीही जोर लावू दे, ठोके त्या प्रमाणात वर जात नाहीत. आणि या कोर्सचं सगळं गणित ठोक्यांवर. घड्याळ ॲपला जोडायचं, ॲप २२० मधून वय वजा करून तुमचा कमाल आकडा काढतं आणि त्याच्या अमुक टक्क्यांच्या झोनमध्ये तुम्ही राहिलात तरच सेशन हिरवं होतं. नाहीतर पिवळं. तर वहिनी जीव तोडून पळतेय, तोंड लाल, बोलता येत नाहीये, हात गुडघ्यावर टेकलेत, आणि कानात काय ऐकू येतंय तर "अजून जोर लावा, तुम्ही तुमच्या क्षमतेच्या खाली आहात." मी शेजारीच होते, माझं सेशन हिरवं होत होतं आणि मी तिच्याइतकी दमलेली पण नव्हते. घरी आल्यावर ती सोफ्यावर बसून घड्याळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, अगं ताई, मी खरंच कामचुकार आहे का गं?

मला अजूनही त्या प्रश्नाचा राग येतो. तिचा नाही, ज्याच्यामुळे तिला तो पडला त्याचा.

हा २२० वजा वय वाला फॉर्म्युला १९७१ च्या सुमारास आला, तोही नीट मोजमाप करून काढलेला नाही, आधीच्या आकड्यांवरून ढोबळ बसवलेला. सरासरीला तो बरा आहे पण एकेका माणसाला धरलं तर दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी नेहमीचा, म्हणजे चाळिशीच्या माणसाला तो १८० सांगेल आणि खरा आकडा १६८ ही असू शकतो आणि १९२ पण. २००१ मध्ये तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा फॉर्म्युला दिला, तोही सरासरीचाच. आणि बीटा ब्लॉकरवर असणाऱ्या माणसाला तर असले आकडे लावायचेच नसतात, तिथे दमण्याच्या जाणिवेवर जायचं, बोर्ग स्केल असतो तो, ६ पासून २० पर्यंत, माणूस स्वतः सांगतो की आत्ता किती जड जातंय. किंवा त्याहून सोपं म्हणजे बोलून बघायचं, पूर्ण वाक्य बोलता येतंय का तुटक शब्द निघतायत. वहिनीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत हे सांगितलं. कोर्समध्ये कुठेच नाही, कारण कोचला तशी गोळी कधी लागलीच नाही. एवढं साधं कारण आहे ते.

तिने ग्रुपवर विचारलं होतं. नीट, सविस्तर लिहिलं होतं, की ठोके वर जात नाहीत, दम मात्र खूप लागतो, काय करू. कोचचं उत्तर आलं, "माझं पण पहिल्या महिन्यात असंच व्हायचं, शरीर बहाणे शोधतं, मन पक्कं करा." प्रेमाने लिहिलेलं होतं, हार्ट वगैरे टाकून. त्यांना खरंच वाटत होतं की आपण धीर देतोय. पण त्यांनी तिचा प्रश्न वाचलाच नाही, त्यांनी त्यात स्वतःचा जुना प्रश्न वाचला आणि त्याचं उत्तर दिलं. आणि खाली बाकीच्यांच्या कमेंट्स. एक म्हणे दोन पोरं सांभाळून मी करते, एक म्हणे माझं वजन तुझ्या दुप्पट होतं तरी केलं, आणि एकाने तर लिहिलं की त्या गोळ्या सोडून द्या, मी पण ब्लड प्रेशरच्या सोडल्या पळायला लागल्यावर. ही कमेंट मी रिपोर्ट करेपर्यंत तशीच होती. बीटा ब्लॉकर एकदम बंद केला तर ठोके आणि प्रेशर उसळू शकतं, हृदयाचा त्रास असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर तो हळूहळू कमी करतात. हे वाचणाऱ्या कुणालाही हात जोडून सांगते, कुणाच्या अनुभवावरून स्वतःची गोळी सोडू नका.

ग्रुपमध्ये आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. सगळ्यात तिखट कमेंट कुणाच्या असायच्या? जे नुकतेच पूर्ण करून बाहेर पडले त्यांच्या. जे अजून मधल्या आठवड्यात धडपडत होते ते बिचारे समजून घ्यायचे, म्हणायचे हो गं, माझं पण काल अर्धं राहिलं. मला वाटायचं उलट असायला हवं, ज्याने सोसलंय त्याला जास्त कळणार. मग यावर शोधून वाचलं तर २०१५ मध्ये रुटन, मॅकडोनेल आणि नॉर्डग्रेन या तिघांचा याच विषयावरचा पेपर निघाला. त्यांनी कडाक्याच्या थंडीत मिशिगन लेकच्या गार पाण्यात उडी मारणाऱ्या लोकांना धरलं, कुणाला उडीच्या आधी आणि कुणाला आठवड्याने गोष्ट वाचायला दिली, एक माणूस उडी मारायची ठरवून आलेला पण ऐनवेळी कच खाल्ली अशी. ज्यांची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाबद्दल कमी कणव वाटली, ज्यांची व्हायची होती त्यांना जास्त. बेकारीबद्दल पण तसंच, नोकरी जाऊन मग सावरलेल्या लोकांनी त्याच संकटात कोलमडलेल्या माणसाला जास्त कठोरपणे जोखलं, आत्ता बेकार असलेल्यांपेक्षा आणि कधीच बेकार न झालेल्यांपेक्षाही. कारण त्यांनी असं मांडलंय की भोगून झालं की ते किती जड होतं हे नीट आठवत नाही, आणि आपण पार केलं एवढं मात्र पक्कं आठवतं, मग दोन्ही मिळून असं वाटतं की हे काही फार अवघड नव्हतं. त्या ग्रुपवरचे मेसेज डोळ्यासमोर ठेवून हे वाचलं तर एकेक जण जागच्या जागी बसतो.

शरीराचं पण बोलायला पाहिजे, कारण कोच सारखे म्हणतात की शरीर सगळ्यांचं सारखंच, फरक फक्त इच्छाशक्तीचा. तसं नाहीये. हेरिटेज फॅमिली स्टडी म्हणून एक मोठा अभ्यास आहे, क्लॉड बुशार्ड आणि सहकाऱ्यांचा, १९९९ साली छापलेला. ९८ कुटुंबांतल्या ४८१ बैठ्या लोकांकडून २० आठवडे लॅबमध्ये मोजूनमापून सारखाच व्यायाम करून घेतला, म्हणजे कोण आळशी कोण मेहनती हा प्रश्नच ठेवला नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ मिनिटाला साधारण ४०० मिलिलिटर, पण कुणाची जवळजवळ काहीच नाही आणि कुणाची एक लिटरच्या वर. आणि एकाच घरातले लोक एकमेकांसारखे निघाले, दोन घरांमधला फरक घरातल्या फरकाच्या अडीच पट. घाम सगळ्यांनी सारखाच गाळला होता.

हे सांगितलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात, मग काय नशिबातच नाही, बसा. ते पण खरं नाही. २०१७ मध्ये मोंटेरो आणि लुंडबी यांनी ७८ निरोगी लोकांना आठवड्याला एक ते पाच अशी वेगवेगळी सेशन दिली, एकेक तासाची. आठवड्याला एकच सेशन करणाऱ्यांपैकी ६९ टक्के लोकांना मोजता येण्यासारखा फायदा झाला नाही, चार-पाच करणाऱ्यांमध्ये असा एकही नव्हता, आणि ज्यांना फायदा झाला नव्हता त्यांना पुढे आठवड्याला दोन सेशन वाढवून दिल्यावर त्यांचाही झाला. म्हणजे निरोगी माणसाला बहुतेक वेळा जमतं, पण एकाला जे दोन तासांत मिळतं त्याला दुसऱ्याला चार तास लागतात. आता हे दोन तास जादाचे कुठून आणायचे, तेही अशा माणसाने ज्याचा दिवस आधीच भरलेला आहे? कोर्स हे विचारतच नाही. कोचने त्यांच्या त्या वर्षात सकाळी दीड तास पळून, येऊन आंघोळ करून ऑफिस गाठलं, आणि घरचं सगळं त्या वेळात कोण बघत होतं हे पहिल्या व्हिडिओत एकदाच येतं, "बायकोने खूप सपोर्ट केला" एवढ्या चार शब्दांत. माझ्या मते त्या चार शब्दांवर एक पूर्ण व्हिडिओ व्हायला हवा होता. ज्याच्या मागे तसं कुणी नाही त्याने काय करायचं, हे त्या प्लॅनमध्ये सगळ्यात आधी यायला हवं. बायकांना तर आणखीच. जगात १५ ते ४९ वयातल्या साधारण तीस टक्के बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं असं जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात, अशा बाईला "मन पक्कं करा" म्हणण्याआधी एक साधी रक्ततपासणी करून घ्या असं कुठेतरी लिहायला काय जात होतं?

सूचनांचं पण तसंच. कानात कोच म्हणतात, "आरामात पळा, गप्पा मारता येतील अशा पेसने." ज्याला पळता येतं त्याला आरामाचा पेस असतो. नवीन माणसाला तसा पेसच नसतो हो! तो कितीही हळू पळला तरी ते त्याच्यासाठी जोरातच असतं, चालण्याच्या वर गेला की लगेच धाप. "खांदे सैल सोडा", "पाय हलका टाका", "श्वासाची लय पकडा", ही सगळी वाक्यं मला आठव्या आठवड्यात कळली, जेव्हा मला ती लागत नव्हती. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटनने एक प्रयोग केला होता, एकाने ओळखीच्या गाण्याचा नुसता ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्म्या वेळा तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी तीनच गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला फक्त टकटक. कोचच्या सूचना ऐकताना वहिनीचा चेहरा अगदी त्या समोरच्यासारखा व्हायचा. इतर काही शिकवणी घेतानाही बघा, पोहणं असो की कोडिंग असो, शिकवणारा "हे तर सोपंय" म्हणाला की समोरचे प्रश्न विचारणं बंद करतात.

जे चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. वॉर्म-अपचे व्हिडिओ एक नंबर आहेत, नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं त्यावरचा भाग फार नीट समजावलाय, पोटऱ्यांचे व्यायाम मी अजून करते. ॲप अडकत नाही. नेट नसलं तरी सेशन चालतं. पळून झाल्यावर कोचचा दहा सेकंदांचा शाबासकीचा आवाज येतो, तो ऐकायला मला मनापासून आवडायचं.

पण मग ते रिव्ह्यू. मला शेवटचा बॅज मिळाला आणि त्याच क्षणी स्क्रीनवर आलं, कसा वाटला कोर्स, स्टार द्या. मी वहिनीला विचारलं तुला कधी आलं होतं का हे, तर नाही. आम्ही तिचा फोन घेऊन सगळं शोधलं, तिच्या अकाउंटला रिव्ह्यू द्यायची जागाच नव्हती, कोर्स पूर्ण केल्याशिवाय ती उघडतच नाही. म्हणजे चौथ्या आठवड्यात सोडलेले, सहाव्यात गुडघा धरून बसलेले, ग्रुपमधून गुपचूप निघून गेलेले, यांच्यापैकी कुणाचंही मत त्या सरासरीत नाही. तिथे दिसणारे ४.८ स्टार हे ज्यांना जमलं त्यांनी दिलेले आहेत. ते खोटे नाहीत पण त्यावरून तुम्हाला जमेल का हे कळत नाही. तुम्ही कुठलाही असा कोर्स घेताना एकच प्रश्न विचारा, किती जणांनी सुरू केला आणि किती जणांनी संपवला. आम्ही विचारला, कोच म्हणाले तसं ट्रॅक करत नाही, जे मनापासून करतात ते संपवतातच.

वहिनीने पाचव्या आठवड्यात सोडला. ग्रुप सोडताना तिने कुणाला काही लिहिलं नाही. नंतर थोडे दिवस ती माझ्यासोबत फिरायलाही यायला तयार नव्हती, मला ते फार लागलं, कारण पळणं राहू दे, तिचं आधीचं संध्याकाळचं चालणं पण या नादात बंद पडलं. मग आम्ही दोघींनी घड्याळ घरी ठेवून सुरू केलं. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचा एक धावपटू, १९७२ च्या ऑलिम्पिकला दहा हजार मीटर पळालेला, त्याने १९७४ पासून नवशिक्यांना शिकवताना पळणं-चालणं-पळणं अशी पद्धत काढली, त्यात दमण्याच्या आधीच चालायला लागायचं आणि चालणं म्हणजे हरणं असं धरायचंच नाही. ऑलिम्पिकला गेलेला माणूस, पण त्याने समोरच्या नवख्या लोकांकडे बघून पद्धत ठरवली, मला याचं फार कौतुक वाटतं. वहिनी आता अर्धं मिनिट पळते, दोन मिनिटं चालते, बोलता येतंय का हे मी मधूनमधून काहीतरी विचारून बघते, आणि उत्तर तुटक आलं की चालायचं. दहा किलोमीटर तिला नकोच आहे, तिला जिना चढून वर आल्यावर लगेच फोनवर बोलता आलं पाहिजे एवढंच हवंय आणि ते जवळपास व्हायला लागलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, भरभर चालणं त्यात बसतं, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं हेही त्यात स्पष्ट आहे. या कोर्समध्ये मात्र थोडं केलेलं पिवळं दिसतं.

मी हे सगळं कोचना लिहून पाठवलं, इथे लिहिण्याआधी. नाव नोंदवताना गोळ्या आणि आजार विचारा, झोनची सक्ती काढा, पहिल्या आठवड्याच्या आधी एक चालण्याचा महिना द्या, आणि मध्येच सोडणाऱ्याला पण रिव्ह्यू लिहू द्या, एवढं. उत्तर आलं, लांब आणि प्रेमळ. गोळ्यांचा प्रश्न फॉर्ममध्ये टाकतो म्हणाले आणि खरंच टाकलाय, मी नवीन फॉर्म उघडून बघितला, त्यासाठी एक स्टार वाढवून दोन केले. बाकीच्याबद्दल म्हणाले, "सोपं केलं तर लोक मेहनत करणार नाहीत, मलाही कुणी सोपं करून दिलं नव्हतं." यावर मी परत लिहिलं नाही.

तर घ्यायचा का? तुम्ही आधी कधीतरी नियमित खेळलेले असाल, आत्ता कुठलीही ठोक्यांवर परिणाम करणारी गोळी चालू नसेल, आणि आठवड्यातून चार दिवस तासभर तुमची जागा घेणारं घरात कुणी असेल, तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. यातलं एखादं जरी नसेल तर आधी वर सांगितलेला नऊ आठवड्यांचा फुकट प्लॅन किंवा चालणं-पळणं करून बघा, आणि एकेक आठवडा दोनदा-तीनदा करायला लागला तर करा, कुणी बघत नाहीये. बीटा ब्लॉकर, थायरॉइड, हृदयाचं काही, नुकतंच बाळंतपण किंवा मोठं आजारपण असेल तर आधी डॉक्टर. आणि घेतलाच तर वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचं घ्या, सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा, आणि ठोक्यांचा अलर्ट ऑडिओ नावाच्या मेनूत सगळ्यात खाली आहे, तो बंद केला तरी सेशन नीट चालतं, हे आम्हाला खूप उशिरा सापडलं म्हणून लिहून ठेवतेय.